व्हीएआर संपेपर्यंत बाहेर येऊ नये

रविवार, १४ सप्टेंबर. संध्याकाळी.

हरलो. पेनल्टीवर. म्हणजे खरं तर हरलो नाही, हरवले गेलो.

आमच्या डिफेंडरचा हात अंगाला चिकटलेला होता. हे मला आमच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर, पडद्यावर ऊन पडलेलं असतानासुद्धा, स्वच्छ दिसलं. तिकडे बुएनोस आयरेसजवळच्या खोलीत भिंतभर टीव्ही लावून बसलेल्या व्हिडिओवाल्यांना दिसलं नाही. रेफरीने कानाला हात लावला, हवेत बोटांनी चौकोन काढला, मैदानाच्या कडेला जाऊन पडद्यात डोकं घातलं आणि इतका वेळ बघत बसला की माझ्या बायकोने, मिर्ताने, तेवढ्यात यर्बाच्या चहाचा तुंबा पुन्हा भरून आणला. एवढं बघून शेवटी पेनल्टीच.

पस्तीस वर्षं मी चष्म्याचं दुकान चालवतोय. अख्ख्या गावाचे डोळे माझ्या हाताखालून गेलेत. कोणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे मला नाही कळणार तर कोणाला?

असो. आजपासून संकल्प: रेफरीला शिवी नाही. डॉक्टरीणबाई माझं ब्लडप्रेशर बघून नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, ते मला आवडलं नाही. यापुढे जे बोलायचं ते शांतपणे, शास्त्राला धरून.

सासूबाईंनी, म्हणजे डोन्या ओफेलियांनी, रेफरीचं नाव चिठ्ठीवर लिहून फ्रीझरमध्ये ठेवलं. नाव गोठलं की माणसाचा हात वर होत नाही म्हणे. मी असल्या तोडग्यांवर विश्वास ठेवत नाही. आडनाव चुकलं होतं तेवढं दुरुस्त करून दिलं.

संकल्पानंतर दिलेल्या शिव्या: थोड्या. सुरुवात म्हणून ठीक.

रविवार, २१ सप्टेंबर.

घरची मॅच. मैदानावर गेलो. पूर्वेचा स्टँड, खांबाजवळची जागा. वडिलांनी मला पहिल्यांदा इथेच बसवलं होतं, तेव्हा स्पोर्तिवो मोलिनोला तालुक्याबाहेर कुत्रं ओळखत नव्हतं. पीठगिरणीच्या कामगारांनी काढलेला क्लब. पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचायला आम्हाला माझं अख्खं आयुष्य लागलं, आणि आता हे व्हिडिओवाले आम्हाला परत खाली ढकलायला निघालेत. टेबलात आम्ही शेवटून दुसरे आहोत. शेवटचे दोघं उतरतात.

गोल झाला. मी शेजारच्या माणसाला मिठी मारली. ओळख नव्हती. त्याने माझ्या गालाचा मुका घेतला, मी त्याच्या टकलाचा. मग रेफरीने कानाला हात लावला. आमच्या स्ट्रायकरच्या बुटाची टाच ऑफसाइड. टाच! टाचेने कोणी गोल केलाय? गोल रद्द.

मिठी मारल्यावर गोल रद्द झाला की पुढे काय करायचं हे कोणी शिकवलेलं नसतं. उरलेला वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो.

नवा संकल्प: व्हीएआर, म्हणजे व्हिडिओवाल्यांची तपासणी, पूर्ण झाल्याशिवाय आनंद करायचा नाही. कोणालाही हात लावायचा नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर.

दुकानाच्या काचेवर पाटी लावली. "रेफरी व लाइन्समन यांची डोळे तपासणी मोफत." सभ्य भाषेत सणसणीत निषेध. खाटीक रस्ता ओलांडून हात मिळवायला आला. ताचो, म्हणजे मिर्ताचा भाऊ, म्हणाला की भावोजी, आधी स्वतःचे तपासा, परवा तुम्ही माझ्या कुत्र्याला शेजारीणबाई समजून नमस्कार केलात. संध्याकाळची वेळ होती. आणि कुत्रं मोठं आहे.

रविवार, २८ सप्टेंबर.

बाहेरची मॅच. बाहेरच्या मॅचला आपल्या लोकांना स्टेडियममध्ये घेत नाहीत, त्यामुळे सगळे आमच्याकडे टीव्हीसमोर. ताचो, सासूबाई, मिर्ता, शेजारचं जोडपं.

शेवटच्या दहा मिनिटांत आमच्याविरुद्ध पेनल्टी. मला संकल्प आठवला. शिवी तोंडाशी आली होती, म्हणून उठलो आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. तिथे ती दिली. टॉवेलात तोंड घालून दिली. इतक्यात बाहेर आरडाओरडा. व्हिडिओवाल्यांनी बोलावलं म्हणून रेफरी पडद्यावर गेला होता आणि चक्क पेनल्टी रद्द करून आला! या मोसमात पहिल्यांदा आमच्या बाजूने.

मी आनंदाने बाहेर आलो. सगळे टीव्हीकडे पाठ करून माझ्याकडे बघत होते. सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, तुम्ही आत्ता कुठे होतात? मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, मग परत जा.

मी समजावलं की याचा त्याच्याशी संबंध नाही. समजावत असतानाच आम्ही कॉर्नरवर गोल खाल्ला.

योगायोग असतात. शास्त्र त्यासाठीच आहे.

रविवार, ५ ऑक्टोबर.

घरची मॅच. मिर्ताने नाश्त्यालाच विषय काढला की आज घरीच थांबून बघ ना, म्हणजे न बघून बघ. मी स्पष्ट नकार दिला. घरात कर्ता माणूस कोण हे अधूनमधून दाखवावं लागतं.

मैदानावर गेलो. आम्ही गोल केला. मी कोणाला मिठी मारली नाही. हात खिशात घालून उभा राहिलो. तरीही रद्द. हँडबॉल म्हणे. गोलच्या आधी तिसऱ्या पासला, मैदानाच्या मध्यावर, आमच्या माणसाच्या बोटाला बॉलचा वारा लागला असेल. हरलो.

घरी आलो तर ताटं वाढलेली. सासूबाई फ्रीझरमध्ये नवीन नाव ठेवत होत्या. रेफरी इतके झालेत की रॅव्हिओलीला जागा उरली नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर.

बाहेरची मॅच. मी स्वतःहून जाहीर केलं की आज बाथरूममध्ये बसून एक प्रयोग करणार आहे. त्यांचा हा खुळचटपणा एकदाचा खोटा पाडायचा. शास्त्रीय पद्धत अशीच असते.

कमोडच्या झाकणावर उशी ठेवून बसलो. दुसऱ्या हाफमध्ये दिवाणखान्यातून "गोऽऽल!" मी धावत बाहेर. दारातच ताचोने मला छातीवर हात ठेवून अडवलं. अजून बघतायत, अजून बघतायत, म्हणून ओरडत होता. पण मी बाहेर आलोच होतो. गोल रद्द. ऑफसाइड.

मला पाचही जणांनी मिळून आत ढकललं. शेजारीणबाईंनीसुद्धा हात लावला. थोड्या वेळाने परत "गोऽऽल!" या वेळी मी जागचा हललो नाही. श्वाससुद्धा बेताने घेतला. बराच वेळ गेला. मग एकदम घर हादरलं. गोल दिला! जिंकलो!

सासूबाईंनी नियम सांगितला: गोल झाला तरी व्हीएआर संपेपर्यंत बाहेर येऊ नये. त्या स्वतः दारावर टकटक करतील, तेव्हाच यायचं.

प्रयोगाचा निष्कर्ष अजून काढलेला नाही. नमुना लहान आहे.

रविवार, १९ ऑक्टोबर. मातृदिन.

घरची मॅच. मी मैदानावर जायला निघालो होतो. स्कार्फ गळ्यात होता. सासूबाई जेवणाच्या टेबलावर म्हणाल्या की मला भेटवस्तू काही नको, या वयात मला काय करायचंय, फक्त आमचा क्लब वर राहिलेला बघून डोळे मिटावेत. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मिर्ताच्या डोळ्यांत पाणी.

बसलो. मातृदिनाची भेट म्हणून, एकदाच. माझं क्लबचं कार्ड ताचो घेऊन गेला, जागा रिकामी राहू नये म्हणून. खांबाजवळची जागा!

जिंकलो. व्हीएआरने त्यांचा एक गोल रद्द केला.

ताचोने घरी येऊन सगळी मॅच सांगितली. त्याला सांगता येत नाही. "मग तो इकडून आला, मग यांनी त्याला असं केलं." मी विचारलं कोणी कोणाला केलं, तर म्हणतो भावोजी, तुम्ही असता तर कळलं असतं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर.

दुकानात एक अनोळखी तरुण आला. म्हणाला, विभागीय लीगमध्ये लाइन्समन आहे, काचेवरची पाटी वाचली. दिला शब्द पाळावा लागतो. बसवला. त्याने सगळ्यात खालची ओळ वाचली. मग त्या ओळीखाली तक्ता छापणाऱ्याचं नाव आणि पत्ता असतो, तोही वाचला. तो आजवर मला नुसती एक रेघ वाटत होता.

यंत्र दुरुस्तीला द्यायला हवं. पाटी तूर्त काढून ठेवली.

रविवार, २ नोव्हेंबर.

बसलो. बरोबरी. एक गुण मिळाला.

माझ्याविषयी गैरसमज होऊ नये म्हणून लिहून ठेवतो: बाथरूमच्या दाराची कडी कधीचीच तुटलेली आहे. म्हणजे मला कोणी कोंडलेलं नाही. मी मनात आणलं तर कधीही उठून बाहेर येऊ शकतो. फक्त मनात आणत नाही.

सोयी वाढल्यात. मिर्ताने गुडघ्यांवर घ्यायला शाल दिली. सासूबाई हाफटाइमला यर्बाचा तुंबा आणि एक एम्पनादा, म्हणजे खिमा भरलेली करंजी, दारातून आत सरकवतात, चेहरा न दाखवता. रेडिओ मागितला तर नाही म्हणाल्या. पेनल्टी रद्द झाली त्या दिवशी तुम्ही ऐकत नव्हता, म्हणून आताही ऐकायचं नाही. त्यामुळे मी ओरडण्यावरून अंदाज बांधतो. ताचो नुसता "नाही, नाही, नाही" म्हणाला की फ्री किक. सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं की कॉर्नर. सगळे गप्प झाले की व्हीएआर. ती शांतता फार वाईट असते. टीव्हीसमोर बसलेल्याला निदान रेघा दिसतात, रेफरीची पाठ दिसते. मला समोर फक्त फरश्या. एक फरशी तिरकी बसवलेली आहे. वीस वर्षं या घरात राहतोय, कधी लक्षात आलं नव्हतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.

आता गावालाही कळलंय. खाटकाने मांस बांधून देताना विचारलं, पोट ठीक आहे ना, रविवारी बसणार ना? बेकरीवाली म्हणाली, नोर्बेर्तो, तू नुसता बस, बाकी आम्ही बघतो. बरोबर आहे तिचं. बाकी ते बघतातच. मीच तेवढा बघत नाही.

तरी आदर वाढलाय हे नाकारता येणार नाही. टाउन हॉलसमोर एका माणसाने मला बघून टोपी काढली.

रविवार, ९ नोव्हेंबर.

आज ठाम भूमिका घेतली. सकाळीच सांगितलं की पहिला हाफ बसेन, दुसरा बघेन. माझेही काही हक्क आहेत. शिवाय क्लब उतरला तर या डिव्हिजनमधल्या या शेवटच्याच मॅचेस, आणि मी त्या न बघता मरायचं का?

सासूबाईंनी डोक्यावरची काळी शाल सारखी केली आणि म्हणाल्या, तुमची मर्जी जावईबापू, गाव मला विचारेल तेव्हा मी सांगेन की त्यांना टीव्ही बघायचा होता.

दोन्ही हाफ बसलो. कोणाच्या दबावाखाली नाही. माझा मीच विचार बदलला.

परत बरोबरी. आता सगळं शेवटच्या मॅचवर. पुढच्या रविवारी, घरच्या मैदानावर. जिंकलो तर वर राहू, नाहीतर खाली. बरोबरीनेही भागणार नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.

क्लबच्या कमिटीतला पिपो बेनावीदेस जाड भिंगांचा चष्मा घ्यायला आला. मी त्याला शेवटच्या मॅचच्या पासाबद्दल स्पष्ट विचारलं. तो आधी घाबरला. म्हणाला, गावाला कळलं तर मला नदीत टाकतील. मग माझ्याकडे बघून त्याला दया आली असावी. त्याने पास दिला. पाहुण्यांच्या स्टँडचा. पाहुण्यांना येऊ देत नाहीत, त्यामुळे तो स्टँड रिकामाच असतो, अँब्युलन्सवाले आणि दोन-चार पोलीस सोडले तर. तिथे मला कोणी ओळखणार नाही.

ठरलं. मी जाणार. जे व्हायचं असेल ते माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे. उतरायचं असेल तर उतरतानाही बघीन. साठीच्या माणसाला एवढं तरी मागता येतं की नाही?

बाथरूमची खिडकी मागच्या अंगणात उघडते. आज मोजून पाहिली. मी तीतून सहज जाईन.

शनिवार, १५ नोव्हेंबर.

सहज जाणार नाही. आजपासून रात्रीचं जेवण बंद.

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपारी.

सगळं तयार. मॅच संध्याकाळी पाचला. ताचो माझं कार्ड घेऊन मैदानावर गेला, त्याच्या अंगावर महिनाभर न धुतलेली जर्सी. घरी मिर्ता, सासूबाई, शेजारचे, आणि शेजारच्यांचे नातेवाईक, जे मी कधी पाहिलेले नव्हते. मी आत जाण्याआधी सगळ्यांनी माझ्याशी हात मिळवले. एका बाईंनी माझ्या खांद्याला स्पर्श करून स्वतःच्या कपाळाला हात लावला. मला जरा कसंतरी झालं.

पण निश्चय पक्का आहे. आजपर्यंत मी प्रत्येक वेळी माघार घेतली असं वाटू शकतं, पण ती माघार नव्हती, तयारी होती. रोजनिशी खिशात घेतो.

रविवार, १६ नोव्हेंबर. रात्री आठ.

क्रमाने लिहितो.

खिडकीतून निघालो. कमरेपाशी अडकलो. बराच वेळ अर्धा अंगणात, अर्धा घरात होतो आणि लिंबाच्या झाडाकडे बघत विचार करत होतो. शेवटी श्वास सोडला आणि बाहेर पडलो. चष्मा मात्र आत बाथटबमध्ये पडला. परत जाणं शक्य नव्हतं. हरकत नाही, मैदान मोठं असतं.

पाहुण्यांच्या स्टँडमध्ये सगळ्यात वर, कोपऱ्यात बसलो. समोर माझा पूर्वेचा स्टँड. हजारो लोक, पिठाचे ढग उडवतायत, गाणी म्हणतायत. लांबून सगळं हललेल्या फोटोसारखं दिसत होतं. मला रडू आलं. किती दिवसांनी गवताचा वास आला! महिनाभर फिनेलच्या वासात मॅच ऐकली होती.

बरोबरी, बरोबरी, बरोबरी. त्यांचा बॉल पोलला लागला, आमचा पोलला लागला. मग शेवटी-शेवटी कॉर्नर. माझ्याच बाजूच्या गोलपोस्टला. सहा नंबर, आमचा उंच सेंटरबॅक, गर्दीतून वर उठला, सगळ्यांच्या खांद्यांवर, हवेत थांबला, मान वळवली आणि बॉल जाळ्यात! मला स्वच्छ दिसलं. जन्मात असा गोल पाहिला नाही. अँब्युलन्सवाल्याने मला उचललं.

आणि रेफरीने कानाला हात लावला.

अख्खं स्टेडियम गप्प झालं. अँब्युलन्सवाल्याने मला खाली ठेवलं.

मला तेव्हा एकच गोष्ट सुचली. आपण इथे आहोत. आपण तिथे नाही. पूर्वेच्या स्टँडमध्ये माणसं गुडघ्यांवर बसलेली दिसत होती, बायकांनी डोळ्यांवर स्कार्फ धरले होते, आणि त्यांना कोणालाच माहीत नव्हतं की नोर्बेर्तो क्वालिया पाहुण्यांच्या स्टँडमध्ये उभा आहे. हे सगळे माझ्या भरवशावर होते.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण प्रश्न माझ्या एकट्याचा नव्हता. मी जिना उतरून पाहुण्यांच्या टॉयलेटमध्ये पळालो. कमोडला झाकण नव्हतं. दाराला कडी नव्हती, म्हणून पायाने दार दाबून धरलं. समोर दुसऱ्या क्लबच्या लोकांनी आमच्या आया-बहिणींविषयी लिहून ठेवलं होतं, ते वाचत उभा राहिलो. व्हिडिओवाले बघत होते. बघत होते. माझ्या छातीत असं धडधडत होतं की डॉक्टरीणबाई आठवल्या.

मग वरचं छत हललं. सिमेंटचे कण माझ्या डोक्यावर पडले. गोल दिला!

मी बाहेर आलो नाही. शिट्टी होईपर्यंत आलो नाही. टकटक करायला सासूबाई नव्हत्या ना.

वर राहिलो. वर राहिलो! गल्लीगल्लीतून लोक मैदानाकडे धावत होते आणि मी एकटा उलट्या दिशेने, घराकडे. कोणी मिठी मारायला आलं की चुकवत होतो. मिर्ताने दार उघडायच्या आत मला आत असायला हवं होतं. अंगणातून आलो. बादली उलटी ठेवून चढलो आणि खिडकीतून डोकं आत घातलं.

आत सासूबाई बसल्या होत्या. कमोडच्या झाकणावर, माझ्या उशीवर, माझी शाल गुडघ्यांवर. हातात माझा चष्मा.

मी तसाच लोंबकळत राहिलो. त्या हळू आवाजात म्हणाल्या, ओरडू नका, बाहेर मिर्ता आहे. हाफटाइमला एम्पनादा द्यायला आल्या होत्या. आतून हात पुढे आला नाही म्हणून दार ढकललं. खिडकी उघडी. मग त्या दिवाणखान्यात जाऊन म्हणाल्या की माझ्या छातीत कसंतरी होतंय, मी स्वयंपाकघरात जरा पडते, आणि इथे येऊन बसल्या. उशी रिकामी ठेवून चालणार नव्हतं. ब्याऐंशी वर्षं त्या या क्लबची वाट बघत आल्यात, आणि दुसरा अख्खा हाफ त्यांनी तिरक्या फरशीकडे बघत काढला.

मी आत उतरलो. माफी मागायचं ठरवत होतो, इतक्यात त्यांनी माझी बाही धरली आणि विचारलं, तुम्ही पाहिलात ना, मग सांगा. कसा होता?

मी सांगितला. बाथटबच्या कडेवर बसून सांगितला. कॉर्नर कसा आला, सहा नंबर कसा उठला, हवेत कसा थांबला, मान कशी वळवली. मी उभा राहून करूनसुद्धा दाखवलं. त्या तोंडावर हात धरून ऐकत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणाल्या, परत सांगा. परत सांगितला. माझं आयुष्यात कोणी इतकं मन लावून ऐकलेलं नाही.

मग म्हणाल्या, आणि व्हीएआरच्या वेळी? मी म्हटलं, टॉयलेटमध्ये गेलो. त्यांनी सुस्कारा सोडला. माझ्या गालावर थोपटलं. म्हणाल्या, म्हणजे दोन्हीकडे माणूस होता. म्हणून दिला त्यांनी.

मग त्या हळूच दार उघडून मागच्या बाजूने स्वयंपाकघरात गेल्या आणि दिवाणखान्यातून येऊन त्यांनी बाथरूमच्या दारावर टकटक केली. मी बाहेर आलो. सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं. मिर्ताने मिठी मारली आणि म्हणाली, सगळं तुझ्यामुळे. व्हीएआर झाला होता, म्हणून मिठी परत मारली.

सोमवार, १७ नोव्हेंबर.

टीव्हीवर गोल शंभर वेळा दाखवतायत. सहा नंबर कुठेच नाही. बॉल त्यांच्याच डिफेंडरच्या पाठीला लागून आत जाताना दिसतो. ताचो म्हणतो, आमच्यातलं कोणी हवेत गेलंच नव्हतं. कॅमेऱ्याचा कोन चुकीचा आहे. सासूबाईंनी दोन वेळा बघितला आणि टीव्ही बंद करायला लावला. म्हणाल्या, या व्हिडिओवाल्यांना कधी नीट दिसलंय?

मला त्यांच्याविषयी फार बरं वाटलं. इतकी वर्षं आम्ही एका घरात राहतो, पण ओळख आत्ता झाली. आता त्या माझ्या बाजूने आहेत. पुढच्या मोसमात मी पूर्वेच्या स्टँडमध्ये, माझ्या जागेवर बसणार. त्या मिर्ताला समजावतील. मी विषय काढायचीही गरज नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर.

सकाळी सासूबाईंनीच विषय काढला. मिर्ताला म्हणाल्या, दिवस चोरांचे आहेत, बाथरूमची खिडकी अंगणात उघडते, एखादा जाड माणूससुद्धा तीतून ये-जा करू शकेल, गज बसवून घ्यावेत. मिर्ता घाबरली. माझ्याकडे बघून म्हणाली, तुला काय वाटतं? सासूबाई यर्बाचा तुंबा हातात घेऊन माझ्याकडे शांतपणे बघत होत्या. मी म्हटलं, योग्य आहे. मी तर कधीपासून तेच म्हणतोय.

लोहार दुपारी आला. तोही क्लबचाच निघाला. पैसे घेणार नाही म्हणाला, गज जाडच बसवतो म्हणाला, आणि पुढचा मोसम फेब्रुवारीत सुरू होतो, त्याआधी काम पुरं करतो. माप घेताना टेपचं दुसरं टोक मीच धरलं.